दिल्लीला जाऊन काय करशील?

बस. तिकडं कोपऱ्यात नको, इथं समोर बस, म्हणजे तोंड दिसेल. चहा नंतर मिळेल. आधी मी काय सांगते ते पुरतं ऐकून घे, आणि मधे मधे 'तसं नाही बाई' म्हणून तोडू नकोस. आठवीतही गृहपाठ विचारला की तुझं हेच असायचं.

काल तुझे वडील येऊन गेले. रात्रीच्या एसटीनं औशाहून निघाले, पहाटे पुण्यात उतरले, आणि तुझ्या खोलीवर न जाता पत्ता विचारत विचारत माझ्याकडं आले. बसा म्हटलं तर खुर्चीच्या कडेला टेकले. मग पिशवीतून घडी घातलेला सातबारा काढला, माझ्यापुढं ठेवला आणि म्हणाले, "बाई, ह्यातलं वीस गुंठं काढावं म्हणतोय. पोरगं म्हणतंय, दिल्लीला गेलं की होतंय. तुम्ही शिकवलंय त्याला. तुम्ही सांगा, होतंय का?"

उतारा मी उलगडून पाहिला. त्यावर अजून तुझ्या आजोबांचं नाव आहे. वारसनोंद झालेली नाही, म्हणजे विकायचं म्हटलं तरी आधी तलाठ्याकडं खेटे घालणं आलं. चार वर्षं राज्यसेवेचा अभ्यास करणाऱ्या पोराच्या घरातला हा उतारा! वडिलांना माहीत नव्हतं ते ठीक, तुला माहीत असायला हवं होतं. असो, तो वेगळा विषय. त्यांना मी काही बोलले नाही. दोन घास खायला घातले आणि 'विचार करून सांगते' म्हटलं. पोराच्या माघारी बापाला काय सांगायचं? जे सांगायचं ते तुझ्या तोंडावर सांगते.

दिल्लीला जाऊन तू असं काय करणार आहेस, जे इथं करता येत नाही?

'तिथं वातावरण आहे.' वाटलंच मला. औशात वातावरण नव्हतं म्हणून लातूरला गेलास. लातूरचं वातावरण नीट आणि जेईईच्या पोरांचं, आपल्याला उपयोगाचं नाही, म्हणून पुण्याला आलास. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलास, तर खोलीतला एक जण रात्री दोनपर्यंत फोनवर बोलायचा. नवी पेठेत गेलास, खोली शांत मिळाली, पण अभ्यासिका लांब पडू लागली. जवळची अभ्यासिका लावलीस, तिथं एसी नव्हता. एसीवाली लावलीस, तिथं सर्दी होऊ लागली. मेस बदललीस, कारण भाजीत तेल फार आणि दुपारी झोप येते. तुझं बोलणं ऐकून एखाद्याला वाटेल, त्या मेसवाल्या मावशींनी तेलाचा हात थोडा आखडता घेतला असता तर पोरगा आज उपजिल्हाधिकारी असता. नवा पॅटर्न आला तेव्हा वैकल्पिक विषय भूगोल घेतलास. नकाशे जमेनात म्हणून लोकप्रशासन. ते कोरडं वाटलं म्हणून मराठी साहित्य. मराठी साहित्य का, तर 'स्कोअरिंग आहे'. त्यातली किती पुस्तकं वाचलीस ते मी विचारत नाही, कारण तू खोटं बोलशील आणि मला ते ऐकावं लागेल.

नाचता येईना अंगण वाकडं म्हणणारा माणूस परवडला रे. तो निदान एकाच अंगणात उभा असतो. तू तर अंगणंच बदलत सुटला आहेस, आणि आता नव्या अंगणासाठी बापाला रान विकायला लावतोस.

माझा राग खोली बदलण्यावर नाही, हे नीट समजून घे. ढेकूण असतील तर खोली बदलावी. प्रत्येक वेळी सामान बांधताना तू तुझ्या अभ्यासाचा जो भाग मागं टाकून जातोस, त्यावर माझा राग आहे. परवा तू पुस्तकांचं खोकं माझ्याकडं ठेवून गेलास ना, 'बाई, दिल्लीला न्यायला जड होतील' म्हणून? ते मी उघडलं. राज्यघटनेचं ते जाडजूड पुस्तक बाहेर काढलं आणि मिटूनच, बाजूनं पाहिलं. पहिल्या एक तृतीयांश हिश्शापर्यंत पानांच्या कडा बोटांनी काळ्या पडल्यात. तिथून पुढं पुस्तक पांढरंशुभ्र आहे, दुकानातून आणल्यासारखं. मूलभूत हक्कांपाशी काळेपणा थांबतो. चार वर्षं तू घटना वाचतोयस, आणि चार वर्षं तुझी घटना मूलभूत हक्कांपाशीच संपते.

मग वह्या काढल्या. प्रत्येक नव्या खोलीत एक नवी वही. प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर उद्देशिका, चार रंगांच्या पेनांनी, पट्टी लावून आखलेली. 'सार्वभौम'खाली लाल, 'समाजवादी'खाली हिरवी. बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीला चौकट. अक्षर सुंदर आहे तुझं, तेव्हाही होतं. दहा-बारा पानांनंतर रंग कमी होतात, मग पट्टी जाते, मग एका पानावर नुसता मथळा आणि खाली काही नाही. पुढची वही पुन्हा उद्देशिकेपासून.

पुस्तकाच्या मागच्या भागात त्र्याहत्तरावी घटनादुरुस्ती आहे. पंचायत राज. २४ एप्रिल १९९३ पासून अमलात आलेली. त्या प्रकरणाची दोन पानं छापखान्यात कापताना एकमेकांना चिकटून राहिली होती. ती मी काल सुरीनं सोडवली. तुला गटविकास अधिकारी व्हायचंय ना? ज्या पंचायत समितीत जाऊन बसायचं, तिच्याबद्दलची पानं चार वर्षांत उघडलीही गेली नाहीत, आणि तू मला दिल्लीच्या वातावरणाबद्दल सांगतोस!

प्रत्येक नव्या ठिकाणी सुरुवातीला तुझा अभ्यास जोरात होतो, हे मलाही दिसलंय. पहाटे पाचला उठणं, वेळापत्रक भिंतीला, मोबाइल खोलीत ठेवून अभ्यासिकेला जाणं. त्यात तुझं कौतुक काही नाही. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली हे तपासून प्रसिद्ध केलं. आठवडा सुरू झाला, महिना सुरू झाला, नवीन वर्ष लागलं, वाढदिवस होऊन गेला, की लोक व्यायामशाळेत जास्त जातात, डाएटबद्दल इंटरनेटवर जास्त शोधतात. नवं पान उघडलं की माणसाला मागचा नालायक मी वेगळा आणि आजचा मी वेगळा, असं वाटतं. उमेद येते. उमेद खरीच असते, पण ती नवेपणाची असते, तुझी नसते. नवेपणा ओसरला की तीही ओसरते. आपल्याकडं अशा माणसाला आरंभशूर म्हणतात, आणि ते काही कौतुकानं म्हणत नाहीत.

पाणी पी. पुढचं जास्त बोचणार आहे.

आठवड्याला दोन उत्तरं लिहून आण, मी तपासून देते, असं मी तुला किती दिवसांपासून सांगते आहे? मोजकीच आणलीस. त्यातलं एक उत्तर माझ्याकडं आहे, हे बघ. प्रश्न धन विधेयकाचा. पहिला परिच्छेद चांगला आहे: अनुच्छेद ११०, लोकसभेतच मांडता येतं, राष्ट्रपतींची शिफारस लागते, राज्यसभेनं चौदा दिवसांत परत पाठवायचं, अध्यक्षांचा निर्णय अंतिम. सगळं बरोबर. मग प्रश्नाचा दुसरा भाग येतो: वित्तीय विधेयकाहून ते वेगळं कसं? आणि इथं, ह्या ओळीच्या सुरुवातीला, बघ, शाईचा ठिपका आहे. चांगला मोठा, कागदाच्या मागं उमटलेला. पेन टेकवून तू तिथं बसून राहिलास. येत नव्हतं. मग त्या ठिपक्याच्या पुढं काय लिहिलंस? 'अशा प्रकारे संसदीय लोकशाहीत दोन्ही विधेयके अत्यंत महत्त्वपूर्ण भूमिका बजावतात.' आणि खाली रेघ मारून टाकलीस.

तो ठिपका आणि ते वाक्य यांच्या मधे काय झालं, ते मी तिथं नसताना सांगते. तू उठलास. खाली टपरीवर गेलास. चहा घेतलास. तिथं दोघं-तिघं भेटले. जागा कधी निघणार, कट ऑफ कितीवर जाणार, कुणाचं कुठं झालं, अमुक क्लासचं मटेरियल बेकार आहे, दिल्लीत म्हणे उत्तरलेखनाची फार तयारी करून घेतात. तासाभरानं वर आलास तोवर धन विधेयकाचा प्रश्न डोक्यातून गेला होता आणि दिल्ली डोक्यात शिरली होती. खरं की नाही? मान हलवू नकोस, तोंडानं सांग.

खरं. बरं झालं.

त्या ठिपक्यापाशी तुझं घोडं पेंड खातं. खोलीपाशी नाही, एसीपाशी नाही, तेलकट भाजीपाशी नाही. आपल्याला एक गोष्ट येत नाही, हे उघड्या कागदावर दिसतं, त्या क्षणी तुला तिथं बसवत नाही. अंगाला काटे टोचल्यागत तू उठतोस. पहिल्या वर्षी उठून टपरीवर गेलास, मग उठून दुसऱ्या अभ्यासिकेत गेलास, मग दुसऱ्या विषयात गेलास, आता उठून दिल्लीला निघालास. पळणं एकच, अंतर फक्त वाढत चाललंय.

आणि हे का होतं, तेही मला माहीत आहे. मी तुला तेराव्या वर्षापासून ओळखते. दहावीला शाळेत पहिला आलास, चौकात तुझा फ्लेक्स लागला. भावी जिल्हाधिकारी असं त्यावर छापलं होतं. ज्यानं छापलं त्याला तेव्हाच मी बोलले होते, पोराच्या डोक्यावर हे ओझं कशाला देता म्हणून. त्या फ्लेक्सवरच्या पोराला सगळं येतं. तो चुकत नाही. तो पोरगा तू जपत बसला आहेस. वेळ लावून पेपर सोडवला तर त्याला चौकातून खाली उतरावं लागेल, म्हणून तू पेपर सोडवतच नाहीस. तू 'तयारी' करतोस. तयारीत कुणी नापास होत नाही. टेस्ट सिरीजचे पैसे भरलेस आणि किती पेपर दिलेस? 'सिलॅबस पूर्ण झाला की देतो.' सिलॅबस कुणाचा पूर्ण झालाय आजवर?

अरे, चुकण्यात लाज कसली? आधार कायदा २०१६ मध्ये धन विधेयक म्हणून संमत झाला. ते धन विधेयक होतं की नव्हतं, यावर २०१८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींचं घटनापीठसुद्धा एकमतानं बोललं नाही. चौघांनी कायदा उचलून धरला, एकानं हा घटनेशी केलेला कपट-व्यवहार आहे अशा आशयाचं वेगळं मत लिहिलं. वर्षभरानं दुसऱ्या प्रकरणात न्यायालयानं तो मुद्दाच मोठ्या पीठाकडं सोपवला. एवढे मोठे लोक ह्या प्रश्नापाशी अडतात, वाद घालतात, लिहून ठेवतात की मला हे पटत नाही. आणि तू त्याच प्रश्नापाशी अडलास तर चहाला जातोस!

आता २०२३ आठव. महाराष्ट्र लोकसेवा आयोगानं राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक करायचं ठरवलं होतं, आणि जानेवारी-फेब्रुवारीत तुम्ही पोरं पुण्यात रस्त्यावर बसलात. नवा पॅटर्न २०२५ पासून लागू करा, आम्हाला वेळ द्या. मी त्यात तुमच्या बाजूची होते, बरं का. वर्षानुवर्षं गोल काळे करायची सवय लावायची आणि एकदम निबंध लिहा म्हणायचं, हे अन्यायाचंच होतं. थंडीत रात्रभर बसलात, आयोगानं ऐकलं, २०२५ पर्यंत मुदत मिळाली. परिस्थिती बदलली की नाही? तुम्ही मागितली तशी बदलली. दोन वर्षं हातात आली. त्या दोन वर्षांत लिहायची सवय करायची होती. तू किती लिहिलंस? आंदोलनाचे फोटो तुझ्या मोबाइलमध्ये आहेत, तू मला दाखवलेत. त्या दोन वर्षांत लिहिलेली उत्तरं दाखव म्हटलं, तर ही एवढीशी चळत निघते. आयोगाला बदलायला लावलंस, त्याचं कौतुक आहे. आता स्वतःला काही बदलायला लावशील की नाही?

तुला शास्त्र आवडतं ना, पॉडकास्ट ऐकतोस अभ्यासाच्या पद्धतींचे. मग हे ऐक. रोडिगर आणि कार्पिकी नावाचे दोन मानसशास्त्रज्ञ, अमेरिकेत सेंट लुईला. २००६ साली त्यांनी विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले. काहींनी तो उतारा पुन्हा पुन्हा वाचला. काहींनी एकदाच वाचला आणि पुस्तक मिटून, आठवेल तेवढं लिहून काढलं, तेही तीनदा. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारी पोरं पुढं. आठवड्यानं विचारलं तर वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के आठवत होतं आणि मिटून लिहिणाऱ्यांना ६० च्या वर. आणि गंमत अशी, की आपल्याला जास्त लक्षात राहील याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. तुझी खात्री अशीच आहे. पान उघडं असतं तोवर तुला सगळं येतं. पुस्तक मिटून बसायला तुझी छाती होत नाही, कारण मिटलं की ठिपका पडतो.

हो, आणि तुझ्या फायद्याचीही एक गोष्ट सांगून टाकते, नाहीतर कुठून तरी शोधून आणशील आणि मलाच ऐकवशील. १९७८ चा एक प्रयोग आहे. एकाच खोलीत दोनदा पाठ करणाऱ्यांपेक्षा, दोन वेगळ्या खोल्यांत पाठ करणाऱ्यांना शब्दांची यादी जास्त आठवली. म्हणजे खोली बदलण्याचा उपयोग होतो! पण त्या पोरांनी दोन्ही खोल्यांत तीच यादी पाठ केली होती रे. तू दुसऱ्या खोलीत गेलास की यादीच बदलतोस.

आता तू मनात काय म्हणतोयस ते मला ऐकू येतंय. बाईंना पेन्शन आहे, बाईंना काय कळणार, परिस्थिती माणसाला खाते. खाते. मी नाही म्हणत नाही. २०२४ च्या जुलैत दिल्लीच्या राजेंद्रनगरात क्लासच्या तळघरातल्या अभ्यासिकेत पावसाचं पाणी शिरलं आणि तीन विद्यार्थी बुडून मेले. त्या पोरांना कुणी 'मन खंबीर ठेवा' असं सांगितलं असतं, तर त्या सांगणाऱ्याला मी दारात उभं केलं नसतं. तिथं तळघरच बंद व्हायला हवं होतं. ज्या पोरीला अंधार पडायच्या आत खोलीवर परतावं लागतं, ज्या पोराला रात्री पहारेकरी म्हणून काम करून दिवसा वाचावं लागतं, त्यांना मी हे प्रवचन देणार नाही. त्यांची उदाहरणं देऊन तुला लाजवणारही नाही. गरिबाचं कष्टाचं आयुष्य दुसऱ्याला टोचायला वापरायचं, हा आपल्या भाषणबाजांचा धंदा मला आवडत नाही.

बाबासाहेबांचं उदाहरण तू मला मागं दिलं होतंस. परळच्या चाळीत एवढीशी खोली, वडील रात्री उशिरापर्यंत जागायचे, मग पोराला उठवून स्वतः आडवे व्हायचे, आणि पोरगा दिव्याच्या उजेडात पहाटेपर्यंत वाचायचा. तू हे सांगितलंस, कारण अभ्यासिकेच्या भिंतीवर ते चित्र आहे. पण तू अर्धेच बाबासाहेब घेतलेस. बडोद्याच्या महाराजांची शिष्यवृत्ती मिळाली, म्हणून १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात जाऊ शकले. पुढं ग्रंथांना जागा हवी म्हणून दादरला राजगृह बांधलं. आणि माणसांना 'आतून बदला' एवढंच सांगून ते थांबले नाहीत, १९२७ मध्ये महाडला तळ्यावर घेऊन गेले. परिस्थिती बदलणं काय असतं, हे त्यांच्याइतकं कुणी दाखवलं नाही. पण त्यांनी जागा बदलली तेव्हा जिथं गेले तिथं काम सोबत नेलं. परळला जे वाचत होते त्याच्या पुढचं न्यूयॉर्कला वाचलं, त्याच्या पुढचं लंडनला. उद्देशिकेपासून नवी वही नाही सुरू केली. दिल्लीला तूही जा ना! ह्या घटनेच्या पुस्तकाच्या शेवटच्या पानाची कड काळी करून जा. मी स्वतः स्टेशनवर सोडायला येते, आणि डब्यात दशम्या देते.

तुझी परिस्थिती कशी आहे, सांगू? वडील महिन्याच्या महिन्याला पैसे पाठवतात. एकदाही चुकले नाहीत, ज्या वर्षी सोयाबीन पाण्यात गेलं त्या वर्षीही नाही. डोक्यावर छप्पर आहे, दोन वेळचं जेवण आहे, डोळे चांगले, तब्येत चांगली, माझ्यासारखी खडूस म्हातारी फुकट पेपर तपासायला बसलीय. तू परिस्थितीचा मारलेला नाहीस. परिस्थितीनं लाडावलेला आहेस.

आणि खरं बोलायचं तर सगळ्यात वाईट गोष्ट मी अजून काढलेलीच नाही.

गेल्या पूर्वपरीक्षेला किती मार्कांनी गेलं? वडील मला म्हणाले, "दोन मार्कांनी हुकलं हो बाई, दोन मार्कांनी." आणि दोन बोटं वर करून दाखवली. त्या दोन मार्कांवर ते रान विकायला निघालेत. दिल्लीला गेलं की दोन मार्क वाढतील, एवढाच त्यांचा हिशेब. बरोबर आहे त्यांचा हिशेब, दोन मार्कांचं असतं तर. अर्ज भरायला माझ्याकडं आला होतास, तेव्हा तुझ्या मोबाइलवर गुणांचं पान उघडं राहिलं होतं. मी चष्मा लावलेला होता. दोन नाहीत. दोनच्या जवळपासही नाहीत.

मान वर कर. रडून चालणार नाही, आणि तू रडलास तर मी उठून भांडी घासायला लागेन, मला ते बघवत नाही.

तुला आतून बदल म्हणते, तेव्हा पहाटे ध्यान लाव असं मी म्हणत नाही. ती रीळं बघतोस ना, कुणीतरी टाय लावून सांगतो की सकारात्मक विचार करा, विश्व तुमच्या पाठीशी उभं राहील. विश्वाला दुसरी कामं आहेत. तुझा बदल यापेक्षा पुष्कळ छोटा आहे आणि पुष्कळ जड आहे. आज रात्री वडिलांना फोन लावायचा आणि खरा आकडा सांगायचा. एवढंच. ते रागावतील असं तुला वाटतं. नाही रागावणार. गप्प बसतील. ते गप्प बसणं तुला फोन कानाला धरून ऐकावं लागेल, आणि मधेच 'रेंज नाही' म्हणून ठेवता येणार नाही. ते जमलं, तर शाईच्या ठिपक्यापाशी बसणं त्याच्या मानानं काहीच नाही. नाही जमलं, तर दिल्लीत काय आणि लंडनमध्ये काय, तू तोच ठिपका पाडून तिथूनही उठशील.

आणखी एक. खरा आकडा सांगितल्यावर, खरे पेपर सोडवल्यावर, कदाचित तुला दिसेल की ही परीक्षा आपली नाही. तसं दिसलं तर सोड. मला वाईट वाटणार नाही. परत औशाला जा, शेती बघ, वारसनोंद कर, पंचायतीत हिशेब माग, शाळेत शिकव. सोडणं आणि पळणं यांत फरक आहे. सोडणारा माणूस काय सोडलं ते सांगू शकतो. तुला आज विचारलं की भूगोल का सोडलास, तर तू नकाशांना नावं ठेवतोस. मी तुझ्या यशाच्या मागं नाही, हे लक्षात ठेव. मला तुझ्या नावाचा दुसरा फ्लेक्स बघायचा नाही. पण आठवीत जो पोरगा गणित चुकलं की फळ्यापाशी येऊन 'बाई, कुठं चुकलं ते दाखवा' म्हणायचा, तो कुठं गेला ते मला कळत नाही. होता तसा. मी पाहिलाय. दहावीच्या निकालानंतर दिसला नाही.

वडिलांना मी उद्या कळवणार आहे की रान विकू नका. दिल्लीच्या फीचा हप्ता भरायची तारीख असेल, ती जाऊ दे. ते खोकं घेऊन जा, पुस्तकं माझ्याकडं ठेवायची नाहीत, माझ्याकडं जागा नाही. आणि वारसनोंदीचा अर्ज कसा करायचा, फेरफार किती दिवसांत धरतात, हे पुढच्या रविवारी मला समजावून सांगायचं, वाचून नाही, पाहून नाही, तोंडी. मृत्यूचा दाखला कुठं मिळतो इथपासून. अधिकारी व्हायचंय ना!

आता हा कागद घे. धन विधेयक आणि वित्तीय विधेयक, फरक. अनुच्छेद ११७ पासून सुरुवात कर, एवढं मी सांगते, पुढचं नाही. दहा मिनिटं. मोबाइल दे इकडं. अडलास तर अडलेल्या जागी 'इथून पुढं मला येत नाही' असं स्वच्छ अक्षरात लिहायचं आणि नेमकं काय येत नाही ते त्याच्याखाली लिहायचं. 'महत्त्वपूर्ण भूमिका' हे शब्द दिसले तर कागद फाडीन. मी चहा टाकते, पण तो दहा मिनिटांनीच मिळेल, आणि तोवर दाराकडं बघायचं नाही. लिही.